एका छताखाली सहा अनोळखी

गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाकडे परतत असताना दूरध्वनी वाजला. वसईतील एका धर्मग्रामात लहानाच्या मोठ्या झालेल्या आणि गेली वीसेक वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीत स्थायिक असलेल्या एक भगिनी बोलत होत्या. स्वरात काळजी होती. "फादर, पोरीचं कॉलेज झालं. चांगली नोकरी चालून आली होती. आता म्हणते, आधी एक वर्ष सेवेला जाते. तेही अशा शहरात, जिथं आपलं म्हणावं असं कुणी नाही. राहायचं पाच अनोळखी मुलामुलींबरोबर, एकाच घरात! हे चर्चचंच काम आहे ना, की आणखी काही?"

आम्ही त्यांना त्या वेळी जमेल तेवढे सांगितले. परंतु आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी वाढत आहेत. असा प्रश्न उद्या आणखी एखाद्या घरी उपस्थित होऊ शकेल. म्हणून या सेवावर्षाची, विशेषतः त्यातील सामाईक घराची, माहिती आम्ही येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

सदर मुलगी ज्या उपक्रमात जाणार आहे त्याचे नाव जेझुइट व्हॉलंटियर कोअर. याचा उगम १९५६ साली अमेरिकेच्या अगदी उत्तरेस, अलास्कातील कॉपर व्हॅली येथे झाला. तेथे येशूसंघीय धर्मगुरू व संत अ‍ॅन यांच्या संघाच्या धर्मभगिनी मिळून एक निवासी शाळा चालवीत होत्या. शिकविण्यापासून बांधकामापर्यंत मदतीची गरज होती, आणि तिच्यासाठी काही तरुण पदवीधर स्वखुशीने त्या बर्फाळ प्रदेशात गेले. शाळा पुढे बंद पडली. कल्पना मात्र टिकली. १९७०च्या दशकात ती अमेरिकेच्या इतर शहरांत पसरली, निरनिराळ्या विभागांच्या स्वतंत्र संस्था झाल्या, आणि २००९ साली त्यांपैकी बहुतेक एकत्र येऊन बाल्टिमोर येथे एक मध्यवर्ती कार्यालय झाले. वायव्येकडील संस्था तेव्हा वेगळीच राहिली. सेवा करणाऱ्याने व्रते घ्यावयाची नसतात, तो कॅथलिकच असला पाहिजे अशीही अट नाही. अध्यात्म, साधी राहणी, सामाजिक न्याय आणि सहजीवन ही चार मूल्ये मात्र त्याने वर्षभर जगून पाहावीत, अशी अपेक्षा असते.

आता व्यवहाराची बाजू. हा तरुण किंवा तरुणी दिवसभर एखाद्या शाळेत, बेघरांच्या निवाऱ्यात, निर्वासितांच्या केंद्रात किंवा गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या कचेरीत पूर्ण वेळ काम करते. त्या कामाचा पगार तिच्या हाती पडत नाही. ती संस्था ठरावीक रक्कम उपक्रमाकडे भरते. त्यातून घराचे भाडे, वीज, पाणी, आरोग्यविमा व प्रवास भागतो. किराण्यासाठी दरडोई थोडी रक्कम मिळते आणि अगदी बेताचा हातखर्च. किराण्याची रक्कम सर्वांनी एकत्र करावयाची असते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेल्यांनी त्याच्या हप्त्यांचे काय होणार, याची चौकशी अर्ज करण्यापूर्वीच करावी. आईवडिलांनीही खोल्यांची व्यवस्था कशी आहे, वस्ती कशी आहे, अडचण आल्यास कोणाला फोन करावयाचा, हे सारे निःसंकोच विचारावे. असे प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे.

तथापि त्या भगिनींची खरी काळजी व्यवहाराची नव्हती. मुलगी तेथे रुळेल कशी, ही होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत असताना अशा एका घरी जेवावयास गेलो होतो. मोठ्या सरोवराच्या काठचे शहर, जुनी कामगार वस्ती. घरातले एकही सामान एकमेकांशी जुळत नव्हते. कोच कोणी दिलेला, खुर्च्या चर्चच्या सभागृहातून आलेल्या, ताटल्या चार प्रकारच्या. दूरचित्रवाणी संच नव्हता. फ्रीजच्या दारावर एक कागद लावलेला होता. त्यावर आठवड्याचे वार, स्वयंपाक, भांडी, कचरा, न्हाणीघर आणि प्रत्येकापुढे नाव. कागदावर खाडाखोड इतकी की त्या घराचा इतिहास जणू तेथेच लिहिलेला होता. आम्ही तो वाचीत आहोत हे पाहून एक तरुण हसून म्हणाला, "ऑगस्टमध्ये आम्ही हा कागद लावायला तयार नव्हतो. आम्हाला वाटलं, आपण चांगली माणसं आहोत, कागद कशाला?"

या एका वाक्यात घर बसण्याची अवघी कथा आली, असे आम्हाला वाटते. ऑगस्टमध्ये ही मुले एकत्र येतात, काही दिवसांचे प्राथमिक शिबिर होते आणि मग ती आपल्या शहरी पोहोचतात. पहिले दोन आठवडे सणासारखे जातात. मोठी खोली "तू घे, तू घे" म्हणत दुसऱ्याला दिली जाते. रात्री उशिरापर्यंत गप्पा होतात. प्रत्येक जण आपल्या उत्तम स्वभावानिशी वावरत असतो. खरी वस्ती त्यानंतर सुरू होते. दिवसभर एक जण घरातून बाहेर काढल्या जात असलेल्या भाडेकरूंच्या कहाण्या ऐकून येतो, दुसरी निवाऱ्यात जागा नाही म्हणून कोणाला तरी परत पाठवून येते. दोघेही घरी येतात तो मोरीत सकाळची भांडी तशीच. मग भांडण भांड्यांवरून होते. पण ते भांड्यांचे नसते.

म्हणूनच अशा घरांत सुरुवातीच्या आठवड्यांतच एक लेखी करार करावयास सांगतात. किराणा काय आणावयाचा, मांस किती वेळा, पाहुणा किती दिवस राहू शकतो, रात्री किती वाजता शांतता, जेवणाच्या टेबलावर मोबाईल असावा की नसावा, असे विषय असतात. दर आठवड्यास एक संध्याकाळ सहजीवनासाठी आणि एक प्रार्थनेसाठी राखून ठेवावी, असा प्रघात आहे. त्या संध्याकाळी बाहेरचे कितीही आकर्षक निमंत्रण आले तरी घरी थांबावयाचे. वाचकांना हे फारच हिशेबी वाटेल. प्रेमाच्या घरात कराराची काय गरज, असे कोणी विचारील. आम्ही सेमिनरीत प्रवेश घेतला तेव्हा आमचेही मत असेच होते.

आरंभीच्या ख्रिस्ती समूहाकडे पाहा. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील चित्र आपणा सर्वांस ठाऊक आहे. सर्व एकत्र राहत, सर्व काही सामाईक होते. परंतु सहावा अध्याय आपण तितक्या आवडीने वाचत नाही. तेथे पहिली जाहीर कुरबूर येते, आणि ती धर्मसिद्धान्तावरून नव्हे, रोजच्या अन्नवाटपावरून! ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार. प्रेषितांनी त्यांना अधिक प्रेम करण्याचा उपदेश करून घरी पाठविले नाही. त्यांनी सात माणसे नेमली आणि काम वाटून दिले.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपली नियमावली लिहिली, तीत त्यांनी स्वयंपाकघराला एक अख्खे प्रकरण दिले आहे. पाळी प्रत्येकाची, आठवड्याची. आठवडा संपताना जाणाऱ्याने सफाई करावयाची, हातपाय पुसण्याचे पंचे धुवावयाचे आणि भांडी स्वच्छ, धडधाकट परत करावयाची. मठाच्या कोठाराची भांडीकुंडी वेदीवरील पात्रांसारखी मानावीत, असेही ते अन्यत्र सुचवितात. आणखी एका प्रकरणात, सर्वांना सारखेच द्यावे काय, हा प्रश्न ते घेतात आणि गरजेप्रमाणे द्यावे असे ठरवितात. ज्याला कमी पुरते त्याने कुरकुर करू नये, ज्याला अधिक लागते त्याने आपली दुर्बलता ओळखून नम्र व्हावे. हा शेवटचा नियम सहा जणांच्या किराण्याला जसाच्या तसा लागू पडतो. एकाला कॉफीवाचून चालत नाही, एक शाकाहारी आहे, एकाला दुधाची बाधा होते. पैसे मात्र एकाच डब्यात.

त्या घरी तर मोठे भांडण ऊबेवरून झाले होते. नोव्हेंबरात सरोवरावरून वारा सुटला. हीटिंग किती ठेवावयाचे? बिल फुगले तर आपल्या साध्या राहणीचे काय, असे एकीचे म्हणणे. अंगात दोन स्वेटर घालून झोपणे म्हणजे गरिबांशी एकरूपता नव्हे, असे दुसऱ्याचे. तीन आठवडे कोणी तरी गुपचूप ते वाढवी, कोणी तरी गुपचूप कमी करी. अखेर सहजीवनाच्या संध्याकाळी त्यावर दोन तास चर्चा झाली आणि त्यात एक जण प्रथमच बोलला, की लहानपणी त्याच्या घरी पैशाअभावी हीटिंग बंद असे आणि थंडी त्याला निवडलेली वाटूच शकत नाही. त्यानंतर आकडा ठरला आणि कोणी त्याला हात लावला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हास आवश्यक वाटते. या मुलांची गरिबी एका वर्षाची असते. पदवी खिशात असते, विमा असतो, परतीचे घर असते. शेजारच्या कुटुंबाकडे यांपैकी काहीच नसते. या फरकावर बोट ठेवणारे टीकाकार चूक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात याची जाण असते तेथील मुले वस्तीत पाहुण्यासारखी राहतात: आधी शेजाऱ्यांची नावे शिकतात, बसने फिरतात, त्याच धर्मग्रामातील मिस्सेला जातात, आणि सल्ला देण्याआधी पुष्कळ ऐकतात. जाण नसेल तर तेच घर वस्तीतील एक बेट बनते.

सगळ्यांचेच वर्ष पूर्ण होते असेही नाही. प्रकृती, घरची अडचण किंवा मनाचा ताण यामुळे काही जण मध्येच परततात. त्यांना नापास ठरवू नये. जी राहतात त्यांच्यासाठी वर्षभरात अधूनमधून चिंतनशिबिरे असतात, शेवटचे निरोपाचे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगावा की नाही, असा प्रश्न पडला होता, पण सांगतो. शिक्षणाच्या काळात आम्हा तिघा विद्यार्थ्यांना सहा महिन्यांसाठी एका मोठ्या शहरातील वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात राहावयास पाठविले होते. नळाला पाणी पहाटे चारला येई, तासभर. आमच्यापैकी एक जण रोज उठून पिंपे भरी. त्याने कधी काही म्हटले नाही आणि आम्ही ते त्याच्या सत्त्वशील स्वभावावर सोडून दिले. चौथ्या महिन्यात एके दिवशी त्याने भरलेली बादली दारातच ओतून दिली आणि तो दिवसभर आमच्याशी बोलला नाही. संध्याकाळी त्याच ओल्या ओट्यावर बसून आम्ही पाळ्या ठरविल्या. जे चार महिने उठले नाहीत, त्यांत आम्ही होतो. तो मित्र आज आमच्याच धर्मप्रांतात आहे, आणि अजूनही कधीमधी विचारतो, "पाणी भरलं का रे?"

हे सर्व त्या भगिनींना सांगून झाल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "मग फादर, तिच्याबरोबर घरचा मसाला पाठवू का? तिला त्याशिवाय जेवण जात नाही." आम्ही म्हटले, अवश्य पाठवा, परंतु तिच्या नावाची चिठ्ठी लावून छोटी बाटली नको, मोठा डबा पाठवा आणि कालवणाची कृती इंग्रजीत लिहून द्या, म्हणजे तिची पाळी नसेल त्या दिवशीही कोणी तरी करील. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. त्या सहांपैकी शाकाहारी किती, तेवढे मुलीकडून विचारून घ्यावयाचे होते.