गावाबाहेरचा विषय चालणार नाही

जर्मनीत दर दोन वर्षांनी १ सप्टेंबरला मुलांसाठी इतिहासाची एक स्पर्धा सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर तिची मुदत संपते. १९७३ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुस्टाफ हाइनेमान आणि हॅम्बुर्गचे उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी ती सुरू केली. आजही क्योर्बर प्रतिष्ठानच ती चालवतं. स्पर्धक २१ वर्षांखालचा हवा, एवढीच वयाची अट. एकट्याने लिहा, गट करून लिहा, नाहीतर अख्ख्या वर्गाने.

विषय सगळ्या देशाला एकच. २०२२-२३मध्ये राहत्या घरांचा इतिहास होता, पुढच्या खेपेला सीमा. खरी मेख पुढच्या अटीत आहे: काम आपल्या गावाशी, परिसराशी किंवा घराण्याशी जोडलेलं हवं. म्हणजे 'सीमा' म्हटल्यावर बर्लिनच्या भिंतीची सर्वांना ठाऊक असलेली हकीकत लिहून भागत नाही. जर्मनीच्या फाळणीची रेघ आपल्या गावाच्या कडेने गेली असेल, तर कुणाचं शेत पलीकडे राहिलं, ते शोधावं लागतं. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. असल्या प्रश्नाचं आयतं उत्तर पाठ्यपुस्तकात नसतं आणि मोबाइलमध्येही नसतं. पोराला उठून कुठेतरी जावंच लागतं.

जायचं ते शहराच्या दप्तरखान्यात, चर्चच्या नोंदवह्यांकडे, जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींकडे आणि शेजारच्या आजोबांकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात आहेत. मोडी कागद हातात आल्यावर आपली जी गत होते, तीच तिथल्या मुलांची. मग ते अक्षर शिकायचं, नाहीतर वाचणारं माणूस गाठायचं. आजोबांचं सांगणं कागदाशी ताडून पाहायचं आणि जुळलं नाही, तर तसं लिहायचं.

सोबत कामाचा अहवाल जोडावा लागतो: विषय कसा सुचला, कुठे अडलं, मदत कुणाची झाली. आधी राज्यपातळीवर पारितोषिकं ठरतात, त्यांतली निवडक कामं देशपातळीवर जातात. पहिली पारितोषिकं राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळतात.

गावचा इतिहास निरुपद्रवी असतो, असं समजू नये. १९८०-८१च्या स्पर्धेचा विषय होता नाझी राजवटीतलं रोजचं जगणं. बव्हेरियातल्या पासाऊ गावच्या आना रोसमुसने आपल्याच गावाची चौकशी मांडली, तेव्हा काही प्रतिष्ठितांची जुनी नाझी ओळख वर येऊ लागली. कागद मिळेनात, तिने कोर्टात जाऊन ते मिळवले. धमक्याही आल्या. १९८३ साली तिचं पुस्तक निघालं, १९८४ साली त्याला नाझीविरोधी शोल भावंडांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. मिखाएल फेरहोएफेन यांचा १९९०चा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे.

आपल्याकडे निबंधस्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी यातलं बाकी काही घेतलं नाही तरी चालेल. फक्त विषयाची हद्द तालुक्यापुरती ठेवावी आणि निबंधासोबत कामाचा अहवाल मागावा.