मंदी, खतें आणि धंद्याची निवड : चिखली-देहूच्या टापूंतील कांहीं दाखले

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस एक खोड असते, व ती आम्हांसही आहे. सनद, महजर किंवा मोर्तबाचें पत्र हातीं आलें कीं तें जपून ठेवावयाचें, आणि त्याच रुमालांत निघालेलीं कर्जखतें, रोजकीर्दी व खातेवह्या रद्दी समजून बाजूस सारावयाच्या. राज्य कोणाचें होतें हें पहिल्या प्रकारच्या कागदांवरून कळतें; परंतु व्यवहार मंदावला असतां माणसांनीं कोणता धंदा सोडला व कोणता धरला, हें समजण्यास दुसऱ्याच प्रकारचे कागद पाहिजेत. प्रस्तुत लेखांत हा विषय चिखली व तिच्या शेजारच्या गांवांच्या आधारें मांडण्याचें योजिलें आहे.

चिखली हें हवेली तालुक्यांतील गांव इंद्रायणीच्या दक्षिणेस, देहूपासून जवळच आहे. तुकोबांच्या टाळकऱ्यांशीं परंपरा त्याचा संबंध जोडते, म्हणून वारकरी त्यास टाळगांव चिखली म्हणतात. इ. स. १९९७ मध्यें तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें, आणि आज तेथें मोठ्या कारखान्यांस सुटे भाग पुरविणारीं लहान वर्कशॉपें दाटीनें उभीं आहेत. या वर्कशॉपांवर मंदी कशी येते हें पाहूं लागलें म्हणजे याच टापूंतील सुमारें चारशें वर्षांपूर्वींचें एक घर डोळ्यांपुढें येतें.

तें घर देहूच्या मोऱ्यांचें. घरांत गांवची महाजनकी होती, वाण्याचें दुकान व देवघेवही होती. वडील बंधु सावजी विरक्त झाल्यामुळें कारभार तुकोबांच्या अंगावर लहान वयांतच पडला. पुढें शके १५५२, म्हणजे इ. स. १६३० च्या सुमारास, गुजराथ व दक्षिण यांस भयंकर दुष्काळानें ग्रासलें. गुजराथेंत त्यास संवत १६८७ वरून सत्याशीचा काळ म्हणतात. त्याच सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवानें पुणें जाळून तेथें गाढवांचा नांगर फिरविला. तुकोबांनीं आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत दुष्काळानें द्रव्य व मान गेला, पहिली स्त्री अन्नावांचून मेली व व्यापारांत तोटा आला, हें स्वतः सांगितलें आहे.

येथें एक शंका येते. धान्य महागलें असतां वाण्याचें दुकान चालावें, बुडावें कां? तिचें उत्तर उधारींत आहे. खेड्यांतील दुकान रोखीवर चालत नसे. सुगीच्या भरंवशावर माल जाई व सुगींत वसूल येई. सुगीच न आली तेव्हां गिऱ्हाइकाकडील येणें अडलें, आणि दुकानदारानें ज्याच्याकडून माल उचलला होता त्याचा तगादा मात्र राहिला. नवा माल भरावयास पैसा नाहीं आणि जुन्या खतांवर कोणी दमडी देत नाहीं, अशी दोहोंकडून कोंडी झाली म्हणजे दिवाळें ठेवलेलें. मोठा सावकार असल्या वर्षीं तरतो, किंबहुना फुगतो. लहान दुकानदार मरतो.

पुढील हकीकत महिपतीबुवा ताहराबादकरांच्या चरित्रग्रंथांवरून प्रसिद्ध आहे. येण्याचीं खतपत्रें तुकोबांनीं निम्मीं धाकटे बंधु कान्होबा यांस दिलीं व आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत टाकलीं. महिपतीबुवांचें लेखन शंभरावर वर्षांनंतरचें आहे, ही गोष्ट संशोधकानें विसरूं नये. तथापि वांटणीचा तपशील विचार करण्याजोगा आहे. एकाच घरांतील, एकाच दुष्काळानें पोळलेल्या दोघां भावांपुढें तेच कागद आले. एकानें जुनें येणें हातीं ठेवलें, दुसऱ्यानें तें सोडलें. दुष्काळानें संत घडविला असें म्हणणें आम्हांस पोरकटपणाचें वाटतें, कारण त्या वर्षीं दुकानें पुष्कळ बसलीं आणि तुकोबा एकच झाले. दुष्काळानें जुन्या धंद्याचें दार बंद केलें, इतकेंच म्हणतां येईल. पुढें कोठें जावयाचें हें ज्याचें त्यानें ठरविलें. संग्राहकाच्या स्वार्थी दृष्टीनें मात्र त्या बुडालेल्या खतांची हळहळ वाटते. तीं राहतीं तर देहूंतील कोणतें घर किती देणें लागत होतें हें आज कळतें. अभंगांच्या वह्या लोकांनीं जपल्या. चाकणचे संताजी जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनीं गाथा छापला. हिशेबाची वही कोणी जपली नाहीं.

दुष्काळ व मंदी या एक नव्हेत, हें येथें सांगितलें पाहिजे. दुष्काळांत माल नसतो. मंदींत माल असतो, पण घेणारा नसतो. दुसऱ्या प्रकाराचा ठळक दाखला पुणें जिल्ह्यांतच सांपडतो. इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालल्यामुळें हिंदी कापसास सोन्याचा भाव आला. त्याच काळांत आगगाडीचें काम जोरांत होतें. बोरघाटांतून रेल्वे १८६३ मध्यें सुरू झाली. मजुरी व गाडीभाडें वाढल्यामुळें कुणबी शेतीसोबत हा दुसरा रोजगार करूं लागला, आणि त्याची पत वाढली असें पाहून सावकारानेंही सढळ हातानें दिलें. युद्ध संपतांच भाव कोसळले, बांधकामें आटोपलीं, आणि पुन्हा शेतीवरच भिस्त ठेवण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. मात्र आतां शेतीच्या डोक्यावर तेजींत काढलेलें कर्ज होतें. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला, तो प्राधान्यें माणसांवर नव्हता, खतांवर होता. दंगेखोरांनीं सावकारांचीं खतें हिसकून जाळलीं. १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यांतूनच निघाला. देहूस कागद पाण्यांत गेले, सुप्यास अग्नींत!

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीविषयीं फार लिहीत नाहीं. भाव उतरत असतां ठराविक पगाराची किंमत आपोआप वाढते, म्हणून सुशिक्षितांची ओढ सरकारी नोकरीकडे अधिकच वळली, हें लक्षांत ठेवावें.

चिखलीच्या आसपास कारखानदारी आली ती स्वातंत्र्यानंतर. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्यें स्थापन झाली, व राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्यें निघालें. २००८ च्या अखेरीस आणि पुन्हा २०१९ मध्यें मोटारींची मागणी घटली तेव्हां येथील मोठ्या कारखान्यांतही कांहीं दिवस काम बंद ठेवण्यांत आलें. अशा वेळीं कायम कामगार घरीं बसून पगार घेतो. कंत्राटी कामगारास मात्र प्रथम जावें लागतें. वर्कशॉपवाल्याची दशा देहूच्या दुकानासारखीच होते : मोठ्या कारखान्याकडील बिल थकतें, पोलाद पुरविणाराचें व बँकेचें देणें थकत नाहीं.

याच वर्षीं ज्या तरुणाचें शिक्षण पुरें होतें त्याचें नुकसान सर्वांत लांब पल्ल्याचें असतें. कॅनडांतील पदवीधरांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, मंदींत नोकरीस लागलेल्यांची मिळकत आरंभीं सुमारें नऊ टक्क्यांनीं कमी राहते व ही तूट भरून येण्यास दहा वर्षें लागतात. कारण पहिली नोकरी लहान व कमी पगाराच्या ठिकाणीं पत्करावी लागते. आमच्याकडे असा तरुण एकतर मिळेल त्या कामावर जातो, नाहींतर स्पर्धा-परीक्षेच्या आशेवर वर्षें काढतो. त्या वर्षांची नोंद कोठेंही राहत नाहीं.

बंद पडलेल्या वर्कशॉपाचें लोखंड भंगारांत जातें आणि वह्या रद्दींत. चिखलींतील कुदळवाडी भंगाराच्या गोदामांबद्दल प्रसिद्ध होती. महानगरपालिकेनें तेथील बरींच बांधकामें फेब्रुवारी २०२५ मध्यें पाडलीं. संग्राहकांस आमची सूचना इतकीच कीं, हजेरीपत्रकें, मालाच्या मागणीचीं पत्रें, कामावरून कमी केल्याच्या नोटिसा व बँकेचे तगादे जेथें हातीं लागतील तेथें ते एकत्र बांधावे, बाहेरील कपड्यावर गांव, घर व साल लिहावें, आणि खातेवहींतील कोरीं पानें फाडूं नयेत. दुकान कोणत्या महिन्यांत थांबलें हें तीं कोरीं पानेंच सांगतात.