प्रदेशाचे नाव कोणाचे? नंदी हिल्सची वाइन आणि उत्पादकांचे सहकार्य

प्रास्ताविक
बंगळुरूच्या उत्तरेस, नंदी हिल्सच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूर परिसरात वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये येथे ग्रोव्हर व्हिनयार्ड्स ही कंपनी स्थापन केली. एखाद्या कंपनीचे नाव जाहिरातीने मोठे होते. प्रदेशाचे नाव मात्र एकट्याने मोठे करता येत नाही. असे का, ते या पाठात पाहू.

१. प्रदेशाचे वेगळेपण
उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर असल्याने रात्री गार असतात. गारव्यात द्राक्षातील मॅलिक आम्ल कमी खर्च होते आणि वाइनमध्ये ताजेपणा टिकतो. मात्र युरोपातील थंड प्रदेशांप्रमाणे येथे वेल हिवाळ्यात पूर्ण झोपी जात नाही. म्हणून महाराष्ट्राप्रमाणे खरड छाटणी आणि फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतात. थोडक्यात, हा ‘उंचावरचा उष्ण प्रदेश’ आहे. प्रचारात नुसते ‘थंड प्रदेश’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल.

२. सहकार्य का लागते?
प्रदेशाचे नाव ही सामायिक मालमत्ता असते. समजा, चार उत्पादकांनी खर्च करून नाव कमावले. पाचवा काहीही खर्च न करता तेच नाव बाटलीवर लावू शकतो. अर्थशास्त्रात याला ‘फुकट लाभाची समस्या’ म्हणतात. पाचव्याची वाइन वाईट निघाली, तर ग्राहक पाचही जणांकडे पाठ फिरवतो. अशा वेळी सर्वात आधी फटका बसतो तो लहान उत्पादकाला, कारण त्याच्याकडे स्वतःचा मोठा ब्रँड नसतो.

३. कायद्याची चौकट
भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. त्यानुसार अर्ज उत्पादकांची संघटना किंवा त्यांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था करते. एकट्या उत्पादकाला तो करता येत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण होते. म्हणजे एकत्र येणे ही कायद्याचीच पहिली अट आहे.

४. दोन उदाहरणे
‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले मानांकन वाइनचे आहे. ‘बंगळुरू ब्लू’ला २०१३ मध्ये मिळालेले मानांकन द्राक्षाचे आहे. पहिल्यात तयार मालाचे नाव जपले जाते, दुसऱ्यात फळाचे. कर्नाटकाने २००७ मध्ये वाइन धोरण आखले आणि वाइन बोर्डही स्थापन केले. सरकार परवाने सोपे करू शकते, मेळावे भरवू शकते. पण दर्जाचे नियम ठरवून ते एकमेकांकडून पाळून घेणे हे काम उत्पादकांचेच आहे.

सारांश
हवामान निसर्ग देतो. त्याला बाजारात किंमत मिळते ती उत्पादकांच्या आपसातील शिस्तीमुळे.

स्वाध्याय
१. ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकन यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या पिकाच्या नावाबाबत फुकट लाभाची समस्या कशी दिसते, ते लिहा.