वाचलेल्या कादंबऱ्यांची वही

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. मुंबईच्या उपनगरांतल्या कुठल्याही मराठी वाचनालयात संध्याकाळच्या गर्दीत एक प्रश्न ऐकू येतोच : "ही मी आधी नेली होती का हो?" प्रश्न विचारणारे बहुधा वीस-पंचवीस वर्षांचे सभासद असतात. हातात जाड पुठ्ठ्यात नव्याने बांधलेली कादंबरी असते. मूळ मुखपृष्ठ बांधणीत गेलेलं, कण्यावर हाताने लिहिलेलं नाव पुसट झालेलं. चार पानं चाळूनही उलगडा होत नाही, आणि ग्रंथपालांकडेही बहुतेक वेळा उत्तर नसतं.

उत्तर नसण्यात ग्रंथपालांचा दोष नाही. पुस्तक देण्याघेण्याच्या पद्धतीच तशा आहेत. 'ब्राउन पद्धती'त प्रत्येक सभासदाला खिशासारखी छोटी कार्डं मिळतात. पुस्तक नेलं की पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या खिशात जातं, परत आलं की दोन्ही वेगळी होतात. त्या क्षणी 'कोणी काय नेलं' ही नोंद संपते. 'न्यूअर्क पद्धती'त पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख लिहिली जाते, म्हणून माग राहतो. पण कार्ड भरलं की नवं येतं आणि जुनं रद्दीत जातं. पुस्तकात चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के ते किती वेळा बाहेर गेलं एवढंच सांगतात, कोणाकडे गेलं ते नाही. वाचनालयाला पुस्तक परत येण्याशी मतलब असतो. सभासदाच्या वाचनाचा इतिहास जपणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

मग वाचकांनी आपापले उपाय काढले. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका वाचनालयात २०१८ साली एका आजींनी विचारलं, की आपण नेलेल्या प्रत्येक पुस्तकात सातव्या पानाच्या आकड्याखाली रेघ का असते? शोध घेतल्यावर कळलं, की वयस्कर वाचक 'हे वाचून झालं' हे लक्षात राहावं म्हणून ठरावीक पानावर गुपचूप खूण करतात. आपल्याकडच्या जुन्या बांधीव कादंबऱ्यांतही अशा खुणा सापडतात. कुठे समासात आद्याक्षर, कुठे पान क्रमांकाभोवती गोल, कुठे शेवटच्या पानावर पेन्सिलीने टाकलेली तारीख. पुस्तकाच्या दृष्टीने ही नासधूस आहे. पण त्या खुणेमागची गरज खरी आहे, आणि ती वहीत भागवली तर पुस्तकही वाचतं आणि नोंदही उरते.

अशा वह्यांना मोठी परंपरा आहे. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात 'वाचायची पुस्तकं' आणि 'वाचलेली पुस्तकं' अशा याद्या वह्यांमध्ये ठेवल्या. उत्क्रांतीचा विचार त्याच्या मनात कोणत्या वाचनातून आकाराला आला, हे अभ्यासकांना आज त्या वह्यांवरून शोधता येतं. अमेरिकन गायक आर्ट गारफंकेल याने १९६८पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवली आहे. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. १९२२ ते १९२४ या काळात महात्मा गांधी येरवडा तुरुंगात होते. तिथल्या रोजनिशीत कोणतं पुस्तक संपलं, कोणतं सुरू केलं याच्या त्रोटक नोंदी आहेत. धर्मग्रंथ, इतिहास, पाश्चात्त्य साहित्य असं सगळं त्यात येतं. सुटकेनंतर त्यांनी आपल्या तुरुंगातल्या वाचनावर लेखही लिहिले. ती यादी नसती, तर त्या दोन वर्षांत त्यांनी मनाची काय मशागत केली, हे आपल्याला अंदाजानेच सांगावं लागलं असतं.

मराठीत मात्र यादी म्हटलं की पहिलं नाव शंकर गणेश दाते यांचंच घ्यावं लागतं. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं विषयवार नोंदलेली आहेत. कोणत्या कादंबऱ्या छापल्या गेल्या, याचा सर्वांत भरवशाचा आधार ही सूची आहे. कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात त्यातल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांचं मूल्यमापन केलं. म्हणजे काय छापलं गेलं याची नोंद आहे, समीक्षकांना काय मोलाचं वाटलं याचीही आहे. लोकांनी काय वाचलं, याची मात्र नाही. ती जागा फक्त वाचकाची वहीच भरू शकते.

परक्या याद्या, आपल्या याद्या

वही उघडली की पहिला मोह होतो तो तयार यादीवर खुणा करण्याचा. २००९च्या सुमारास शंभर पुस्तकांची एक यादी जगभर फिरली. बीबीसीच्या मते बहुतेकांनी यातली सहाच पुस्तकं वाचलेली असतील, असं तिच्या माथ्यावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती यादी बीबीसीची नव्हती आणि सहाचा आकडाही त्यांचा नव्हता. तिच्यात शेक्सपिअरचं समग्र साहित्य होतं आणि 'हॅम्लेट' पुन्हा वेगळं होतं. नार्नियाची सगळी मालिका होती आणि तिच्यातलंच एक पुस्तक स्वतंत्र क्रमांकावर होतं. 'मिडनाइट्स चिल्ड्रन' आणि 'अ सुटेबल बॉय' या इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय कादंबऱ्या तिच्यात होत्या, मराठी एकही नव्हती. मुंबईतल्या अनेक मराठी वाचकांनीही तिच्यावर उत्साहाने खुणा केल्या. 'पण लक्षात कोण घेतो' वाचलेल्या माणसाला त्या यादीत तेवढ्यासाठी एक खूणही करता आली नाही.

मग पुरस्कारांची यादी घ्यावी का? साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांत उत्तम कादंबऱ्या आहेत : खांडेकरांची 'ययाति' (१९६०), पेंडशांचं 'रथचक्र' (१९६३), रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६४), विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९२), रंगनाथ पठारे यांचा 'ताम्रपट' (१९९९), सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००४), आशा बगे यांची 'भूमी' (२००६). ही यादी वाचून काढणाऱ्याला मराठी कादंबरीचा मोठा प्रदेश फिरून होईल. पण तिच्यात जे नाही तेही पाहायला हवं. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१मध्ये 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची, त्यांना पुरस्कार मिळाला तो 'सत्तांतर'ला, १९८३मध्ये. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९चं. तेव्हा अकादमीच नव्हती, आणि १९८५मध्ये त्यांचा सन्मान झाला तो 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्रासाठी. पुरस्काराच्या यादीवर विसंबणाऱ्या वाचकाच्या वहीतून 'कोसला', 'बनगरवाडी' आणि 'रणांगण' या तिन्ही गळतील. मराठी कादंबरीबद्दल बोलताना या तीन नावांशिवाय चार वाक्यंही पुढे जात नाहीत.

ज्यांची नोंद कोणीच ठेवली नाही

खरी पडझड लोकप्रिय कादंबऱ्यांच्या बाबतीत झाली आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी दोन पिढ्यांना वाचायची सवय लावली. गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांची संख्याही हजाराच्या पुढे आहे. आठवड्याला एक या वेगाने वाचलं, तरी अर्नाळकरांच्या हजार पुस्तकांना एकोणीस वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यातली कोणती वाचली आणि कोणती राहिली, हे वहीशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. स्वस्त कागदावरची ही पुस्तकं वाचून वाचून फाटली. अनेक वाचनालयांनी ती मोडीत काढली. बाबा कदम, चंद्रकांत काकोडकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर यांच्यासाठी वाचनालयाची वर्गणी भरणारे असंख्य लोक होते, आणि तरी वाचलेल्या पुस्तकांबद्दल विचारलं की हेच वाचक 'मृत्युंजय' आणि 'ययाति' एवढीच नावं सांगतात. वहीत हा संकोच चालू नये. शिरवळकरांची 'दुनियादारी' आणि 'कोसला' एकाच पानावर, वाचल्याच्या क्रमाने आल्या पाहिजेत. वाचकाचं मन घडतं ते याच क्रमाने.

दिवाळी अंकातली कादंबरी हा आणखी एक निसटता भाग. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक दरवर्षी अंकांतून कादंबऱ्या वाचत आला आहे. त्यातल्या काही पुढे वाढवून पुस्तकरूपाने आल्या, काही तिथेच राहिल्या. काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं. त्या खटल्यामुळे 'श्यामा' कायद्याच्या पुस्तकांत टिकली. तिच्यासारख्या बाकीच्या अंकांतल्या कादंबऱ्या मात्र अंकासोबत रद्दीच्या दुकानात गेल्या. म्हणून वहीत पुस्तकाच्या नावापुढे 'अंकात वाचली' की 'पुस्तकात', हे लिहायला हवं. दोन्हींचे पाठ पुष्कळदा वेगळे असतात.

घाटकोपरची कादंबरी

वहीचा सर्वांत मोठा उपयोग राहिलेलं दाखवण्यात आहे. घाटकोपरच्या वाचकासाठी ही गोष्ट अगदी दाराशी येते. घाटकोपर पश्चिमेच्या चिरागनगरमधल्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे अनेक वर्षं राहिले. 'फकिरा' १९५९मध्ये आली, १९६१मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिसाहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये राहायला गेला आणि १८ जुलै १९६९ रोजी तिथेच त्याचं निधन झालं. उपनगरी गाडीने रोज घाटकोपर किंवा गोरेगाव ओलांडणाऱ्या मराठी वाचकाने आपली यादी तपासली, तर 'फकिरा', 'वैजयंता', 'चित्रा', 'वारणेचा वाघ' यांच्यापुढे किती खुणा दिसतील?

ज्यांच्या यादीत खांडेकर-फडके भरपूर आणि अण्णा भाऊ शून्य, त्यांना आपल्या घरात, शाळेत, वाचनालयात कोणती पुस्तकं हाती दिली गेली हे एका नजरेत कळेल. हेच मुंबईच्या कादंबऱ्यांबद्दल. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३), भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५), मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९), किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) ही सारी याच शहराची कादंबरी आहे. आणि विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०), कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) किती पुरुषांच्या वह्यांत सापडतात, तेही प्रत्येकाने स्वतः पाहावं.

वाचली, पाहिली, ऐकली

नोंद ठेवताना सचोटी लागते, कारण स्मरण फसवतं. 'श्यामची आई' वाचली असं ठामपणे सांगणाऱ्या अनेकांनी आचार्य अत्रे यांचा १९५३चा चित्रपट पाहिलेला असतो आणि पुस्तकातले दोन धडे शाळेत वाचलेले असतात. 'बनगरवाडी'वर १९९५मध्ये अमोल पालेकरांचा चित्रपट आला, 'दुनियादारी'वर २०१३मध्ये. पडद्यावरची पात्रं इतकी मनात बसतात, की कादंबरी वाचल्याचाच भास होतो. अलीकडे श्राव्य पुस्तकांची भर पडली आहे. स्टोरीटेल ही श्राव्य पुस्तकांची सेवा २०१७मध्ये भारतात आल्यावर मराठी कादंबऱ्या कानांनी ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला. बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या गाडीने उभ्याने जाणाऱ्याला पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, पण कान मोकळे असतात. पूर्ण ऐकलेली कादंबरी नोंदीत यायलाच हवी, फक्त 'ऐकली' असं लिहून. अर्धवट सोडलेलीही यावी, कोणत्या पानावर सोडली त्यासह.

गुडरीड्ससारखी साधनं २००७पासून हे काम करत आहेत आणि तरुण वाचक ती वापरतात. मराठी पुस्तकांच्या नोंदी मात्र तिथे विस्कळीत असतात. एकच नाव रोमन लिपीत तीन प्रकारे, आवृत्त्या एकमेकींत मिसळलेल्या, जुनी रहस्यकथा तर बहुधा नाहीच. शिवाय ते साधन एका कंपनीच्या मालकीचं आहे. २०१३मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतलं. दोनशे पानांची साधी वही अजूनही जास्त भरवशाची ठरते. तिला रकाने थोडेच पुरतात : कादंबरी, लेखक, आवृत्तीचं वर्ष, कुठून मिळाली, कधी संपवली, आणि एका ओळीत काय वाटलं. 'कुठून मिळाली' हा रकाना विसरू नये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३चा. अशा संस्थांनी, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या उपनगरी संस्थांनी आणि डोंबिवलीच्या पै लायब्ररीसारख्या खासगी वाचनालयांनी उपनगरांपर्यंत मराठी कादंबरी पोचवली. त्यांचं ऋण या एका रकान्यात आपोआप नोंदलं जातं.

या संस्थांकडे वाचकांच्या निधनानंतर घरचे लोक पुस्तकं देणगी म्हणून घेऊन येतात. जागेअभावी त्यातली पुष्कळशी नाकारावी लागतात. पुस्तकांसोबत वाचनाची वही असेल, तर ती मात्र मागून घ्यावी. घरच्यांची संमती घ्यावी, नाव झाकायचं असेल तर झाकावं, आणि दाखल नोंदवहीत तिला क्रमांक द्यावा. दोनशे पानांच्या वहीला फळीवर दोन बोटं जागा लागते. अशा पन्नास वह्या जरी एका उपनगरात जमल्या, तरी 'वासूनाका' आली तेव्हा अंधेरीत ती कोणी वाचली, अर्नाळकरांवर वाढलेला मुलगा किती वर्षांनी 'रणांगण'पर्यंत पोचला, चिरागनगरच्या शेजारी राहणाऱ्यांनी 'फकिरा' कधी हातात घेतली, या प्रश्नांची उत्तरं शंकर गणेश दाते यांच्यानंतरच्या सूचीकारांना प्रथमच नावानिशी आणि तारखेनिशी देता येतील.