गळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी पोटाची चौकशी

अकाली जन्मलेल्या बाळाला कृत्रिम श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. १९६५ च्या सुमारास ही नळी नवजात बालकांतही अनेक दिवस ठेवता येते असे दिसून आले आणि पूर्वी हातची जाणारी कितीतरी मुले वाचू लागली. त्यांपैकी काहींच्या वाट्याला मात्र एक नवे दुखणे आले. स्वररज्जूंच्या खाली श्वासमार्गाला क्रिकॉइड नावाच्या कूर्चेचे अखंड कडे असते. नळीच्या दाबाने तेथील नाजूक आवरणास व्रण पडतो, तो भरताना आत कठीण वण धरतो आणि वाट अरुंद होते. जागा किती थोडी आहे ते पाहावे : ४ मिलिमीटर व्यासाच्या मार्गात चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर श्वासाला उरते ती केवळ चौथा हिस्सा जागा.

अशा काही बालकांच्या गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बसवितात. मग घरातले सर्वच त्या नळीच्या पहाऱ्यावर असतात. रात्री कोणीतरी जागे, पेढीवर बसलेल्या वडिलांचे कान दूरध्वनीकडे. बरगडीच्या कूर्चेचा लहानसा तुकडा बसवून तो मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया १९७० च्या दशकापासून रुळली असून, सिनसिनाटी येथील डॉ. रॉबिन कॉटन यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. शस्त्रक्रिया ठरली की नळी निघणार, बाळाचा आवाज ऐकू येणार, या आशेने घर उजळते. नेमक्या त्याच वेळी शल्यविशारद विचारतात, ‘पोटातले आम्ल वर येते का?’ आणि तपासण्यांसाठी तारीख पुढे ढकलतात. आईबापांना हे अनाकलनीय वाटते. आजार गळ्याचा, पोटाशी त्याचा काय संबंध?

संबंध शरीररचनेतच आहे. अन्ननलिकेचे वरचे तोंड स्वरयंत्राच्या अगदी मागे असते. जठरातील आम्ल व पेप्सिन तेथवर पोहोचले तर श्वासमार्गाचे आवरण सुजते, कारण त्या आवरणाला आम्लाची सवय नसते. त्यातच तेथे ताजी जखम आणि नव्याने बसविलेली कूर्चा असेल तर जखम नीट न भरण्याची, पुन्हा वण धरण्याची भीती राहते. एवढी मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ जाऊन बालकाला ती पुन्हा सोसावी लागू नये, यासाठी ही चौकशी.

दूध ओकणे हे बाळपणाचेच लक्षण, असे घरातील आजी सांगतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही असते आणि वर्ष-दीड वर्षात ते आपोआप थांबते. अशा निरोगी बाळाला आम्लनाशक औषधे उगाच देऊ नयेत. परंतु शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरील मुलाची गोष्ट निराळी. त्याचे आम्ल कधीकधी तोंडापर्यंत न येता घशातच राहते, म्हणून ओकारी दिसत नाही.

मुख्य तपासणीत एक बारीक तार नाकातून अन्ननलिकेत सोडतात आणि ती सुमारे २४ तास ठेवतात. सामू ४ च्या खाली किती वेळ राहिला हे तिला जोडलेली पेटी नोंदविते. केवळ आम्ल मोजून भागत नाही. दूध पिल्यानंतर काही काळ जठरातील आम्ल सौम्य झालेले असते, तेव्हा वर येणारा प्रवाह सामूवरून कळत नाही. म्हणून इम्पीडन्स या जोड-पद्धतीने आम्लरहित प्रवाहही टिपतात. या दिवशी आईचे काम मोठे असते. दूध केव्हा पाजले, बाळ केव्हा झोपले, केव्हा खोकले, केव्हा रडले, हे सर्व तिने वेळेसह लिहायचे. व्यापारी घराला रोजमेळाचे महत्त्व सांगावयास नको. नोंद चुकली की खोकला आम्लामुळे आला की अन्य कारणाने, याचा मेळ बसत नाही. तपासणीपूर्वी औषध बंद करावयाचे की चालू ठेवावयाचे, हे डॉक्टरांनीच सांगावे.

याखेरीज भूल देऊन दुर्बिणीने श्वासमार्ग व अन्ननलिका पाहतात आणि अन्ननलिकेच्या आवरणाचे कण तपासतात. त्यातून कधी अ‍ॅलर्जीजन्य दाह उघडकीस येतो, ज्यावर उपचार वेगळा. भुलेपूर्वी दूध-पाणी बंद ठेवण्याचे तास ठरलेले असतात. तो उपवास नव्हे. त्यात घरच्या श्रद्धेने कमी-अधिक करू नये.

सर्वच शल्यविशारद प्रत्येक मुलाची इतकी तपासणी करीत नाहीत. काही थेट औषध देऊन शस्त्रक्रिया करतात. मतभेद खरा आहे. तरीही दोष आढळलाच, तर काही आठवडे थांबून औषधाने आम्ल आवरणे, आणि त्याने न भागल्यास जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया आधी करणे, यात गेलेला वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही.

एक गोष्ट जैन कुटुंबांनी प्रारंभीच विचारावी. आम्ल कमी करणारी पुष्कळ औषधे कॅप्सूलमध्ये येतात आणि कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. संकोचाने गप्प राहून घरी औषध टाळणे हा सर्वांत वाईट मार्ग. द्रवरूप वा पुडीतील पर्याय आहे का, वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळेल का, हे डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारता येते. आतील दाणे चुरडून वा परस्पर मात्रा बदलून मात्र देऊ नये. शस्त्रक्रियेनंतरही जखम भरेपर्यंत औषध चालू ठेवावे लागते, आणि ते केव्हा थांबवावयाचे हे पुढील दुर्बीण-तपासणीनंतर ठरते.