सेंटर-बॅकला शिव्या घालण्याआधी

9 ऑक्टोबर 2025. तुम्ही वुडलँड्सला राहत असाल, तर त्या संध्याकाळचा रस्ता तुम्हाला पाठ असेल. तपकिरी लाइन पकडायची, कॅल्डिकॉटला उतरून सर्कल लाइनमध्ये बसायचं आणि थेट स्टेडियम स्टेशनला बाहेर पडायचं. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूर विरुद्ध भारत. घरातून निघताना एकच भांडण: जर्सी कुठली घालायची? आईबाबांचं उत्तर ठरलेलं. तुमचं तेवढं ठरलेलं नसेल, कारण तुमच्या वर्गातली निम्मी मुलं लाल जर्सीत बसणार होती.

मध्यंतराच्या अगदी तोंडावर, भरपाई वेळेत, इखसान फांदीने गोल केला. मध्यंतरानंतर दोन मिनिटांत संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे लाल. उरलेला सगळा वेळ भारत दहा जणांत खेळला. नव्वदाव्या मिनिटाला सिंगापूरच्या बचावात गोंधळ उडाला, रहीम अलीने तो अचूक टिपला आणि सामना 1-1 सुटला. परतीच्या गाडीत सगळ्यांना आपण जिंकल्यासारखंच वाटलं असणार.

पाच दिवसांनी मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर परतीचा सामना झाला. छांगटेने चौदाव्या मिनिटाला भारताला पुढे नेलं. मग चव्वेचाळिसाव्या आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला सोंग उई-योंगने दोन गोल केले आणि भारत आशियाई चषकातून बाहेर फेकला गेला. तोही क्रमवारीत आपल्याहून वीसेक जागा खाली असलेल्या संघाकडून, आणि घरच्या मैदानावर.

त्या रात्री तुमच्या फॅमिली ग्रूपवर काय आलं असेल, याचा अंदाज मी बांधू शकतो. "बचाव म्हणजे नुसती चाळण आहे." "झिंगनला अक्कल नाही." "फेडरेशनवाले झोपलेत." राग खराच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या तीन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय? बचाव ढिला का पडतो आणि ऑफिसात बसलेल्या माणसांचा त्यात किती हात असतो? आज तेवढंच बघू या.

आधी बचाव. फुटबॉलमधला बचाव समजून घ्यायचा तर कबड्डी आठवा. चढाईला आलेल्या खेळाडूसमोर बचाव करणारे हातात हात घालून साखळी करतात. कोपऱ्यातल्या गड्याला वाटलं, आत्ताच घोटा धरतो, आणि त्याने एकट्याने झेप घेतली, तर पकड फसतेच, वर साखळीत भोक पडतं. त्याचं धाडस कमी नव्हतं. शेजारचा कधी हलणार, हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

फुटबॉलची बचावफळी अशीच साखळी असते. फरक इतकाच की हात हातात नसतात आणि दोघांमध्ये आठ-दहा मीटर अंतर असतं. चारही जणांनी एकाच क्षणी पुढे सरकायचं, म्हणजे समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड. तिघे सरकले आणि एक मागे राहिला, तर तो एकटा सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. चेंडू डावीकडे गेला की उजव्या बॅकने आत यायचं. सेंटर-बॅक चेंडूवर धावून गेला की त्याची रिकामी जागा मधल्या फळीतल्या कुणीतरी भरायची. यातलं काहीच मैदानावर ओरडून ठरत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. ते आधीपासून अंगात भिनलेलं असावं लागतं.

गोल एकटा माणूस करू शकतो. एखादा विंगर स्वतःच्या पायावर तिघांना चकवतो आणि सामना फिरतो. बचाव मात्र एकट्याला जमत नाही. तो चार-पाच जणांनी एकत्र घालवलेल्या तासांमधून तयार होतो. कोल्हापूरला पेठेतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळताना पाहिले असतील, तर हे लगेच पटेल. लहानपणापासून एकाच मैदानावर खेळलेले दोघे बॅक एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. शेजारचा कुठे असेल, हे त्यांना माहीत असतं.

आता आकडे. नोव्हेंबर 2025 पर्यंत या फेरीत भारत पाच सामने खेळला. शिलाँगला बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगमध्ये 0-1, सिंगापूरला 1-1, मडगावला 1-2 आणि ढाक्याला 0-1. म्हणजे पाच सामन्यांत पाच गोल खाल्ले. तेवढ्याच पाच सामन्यांत सिंगापूरने किती खाल्ले? चार. फरक फक्त एका गोलाचा.

म्हणजे चाळण वगैरे काही नव्हती. मग सिंगापूरचे 11 गुण आणि भारताचे 2, हे कसं? कारण सिंगापूरने गोल केले सात आणि भारताने दोन.

"मग दोष आघाडीफळीचा!" असं म्हणण्याची घाई नको. भारताने खाल्लेले ते पाच गोल कधी झाले, ते पाहा. हाँगकाँगला पेनल्टी मिळाली ती सामना संपता संपता, भरपाई वेळेत. सिंगापूरचा गोल पहिल्या हाफच्या भरपाई वेळेत. मडगावचा पहिला चव्वेचाळिसाव्या मिनिटाला. पाचातले तीन गोल एखादा हाफ संपत येताना झाले. या वेळेला पाय जड झालेले असतात आणि डोकं मध्यंतराकडे किंवा शेवटच्या शिटीकडे लागलेलं असतं. साखळी नेमकी तेव्हा सुटते. पाच गोलांवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण कुठे बोट ठेवून बघायचं, एवढं तरी कळतं.

शिवाय बचावाचा आघाडीशी थेट संबंध असतो. शेजाऱ्यावर भरवसा नसलेला बचावपटू काय करतो? मागे सरकतो. आपल्या गोलजवळ उभं राहिलं की पाठीमागे मोकळी जागा उरत नाही, जिवाला जरा बरं वाटतं. पण तो मागे गेला की मधल्या फळीलाही मागे यावं लागतं, नाहीतर मध्ये मैदानच्या मैदान मोकळं पडतं. आता चेंडू मिळाला तरी समोरचा गोल साठ-सत्तर मीटर लांब, आणि तिथे आपला एकटा स्ट्रायकर दोघांच्या कात्रीत. मग लांब फटका मारायचा आणि चेंडू परत समोरच्यांना द्यायचा. टीव्हीवर आपण म्हणतो, "हे फॉरवर्ड काहीच करत नाहीत." त्या न झालेल्या गोलांची सुरुवात पुष्कळदा मागच्या फळीच्या घाबरण्यात असते.

भरवसा तासांमधून तयार होतो, असं आपण म्हटलं. ते तास खेळाडू स्वतः ठरवत नाहीत, ऑफिस ठरवतं. म्हणून आता ऑफिसकडे वळू.

जून 2024 मध्ये इगोर स्टिमॅच यांना काढलं. जुलैमध्ये मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाचं प्रशिक्षकपद सांभाळत. एकच माणूस पूर्ण हंगामभर क्लबही चालवणार आणि देशाचा संघही. त्यांच्या कारकिर्दीत भारताने आठ सामन्यांत एकच विजय मिळवला, मालदीवविरुद्ध. जुलै 2025 मध्ये ते गेले. 1 ऑगस्टला खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबई एफसी वर्षानुवर्षं सांभाळलेला आणि ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला 2016-17 मध्ये आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. पण त्यांच्या पहिल्याच शिबिरासाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. सव्वा वर्षाच्या आत तीन प्रशिक्षक झाले. प्रत्येकाची बचावाची पद्धत वेगळी. कुणी माणसामागे माणूस लावतो, कुणी जागा वाटून देतो. साखळीने दर वेळी नवं गणित शिकायचं.

याहून मोठी गोष्ट लीगची. फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार 2010 चा होता, पंधरा वर्षांचा. तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार, हे सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. तरीही पुढचं काही ठरलं नाही. फेडरेशनच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला होता आणि तो निकाली निघेपर्यंत नवा करार करू नका, असं फेडरेशनला सांगण्यात आलं होतं. 11 जुलै 2025 ला हंगाम स्थगित झाल्याचं क्लबांना कळवलं गेलं. काही क्लबांनी पगार रोखले. आधीच्या हंगामाची आयएसएल फायनल झाली होती 12 एप्रिलला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध उतरलेले आपले बहुतेक खेळाडू सहा महिने लीगचा एकही सामना खेळले नव्हते.

आता ते चव्वेचाळिसावं मिनिट परत आठवा. सरावात कितीही पळालात तरी सामन्याचा दम सामन्यातच येतो. सहा महिने लीग नसलेल्या बचावपटूचा पाय हाफच्या शेवटी एक पाऊल उशिरा पडला, तर ती चूक एकट्या त्याची म्हणायची का?

"प्रशिक्षक तर सिंगापूरनेही बदलला होता," असं तुमचा सिंगापुरी मित्र म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. त्सुतोमु ओगुरा यांनी जून 2025 मध्ये राजीनामा दिला, म्हणजे भारताने प्रशिक्षक बदलला त्याच सुमारास. पण त्यांच्या जागी कोण आलं? त्यांचेच सहायक गॅव्हिन ली. पस्तिशीतला इथलाच माणूस, खेळाडूंना ओळखणारा, आधीच्या योजना ज्याच्यासमोर ठरल्या असा. माणूस बदलला, पद्धत पुढे चालू राहिली. 18 नोव्हेंबरला सिंगापूरने हाँगकाँगला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर आशियाई चषक गाठला. 1984 मध्ये ते खेळले होते, पण यजमान म्हणून. त्याच रात्री भारत ढाक्यात बांगलादेशकडून हरला.

मात्र सिंगापूरचं ऑफिस फार शहाणं, असा निष्कर्ष काढू नका. त्यासाठी लांब जायला नको, वुडलँड्स स्ट्रीट 13 वर जा. तिथलं स्टेडियम तुम्ही धावायला वापरत असाल. तिथे एक क्लब खेळायचा, वुडलँड्स वेलिंग्टन. 1996 मध्ये एस.लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ संघांपैकी एक. चाहते त्यांना 'रॅम्स' म्हणायचे, म्हणजे एडके. 2007 मध्ये पहिलावहिला सिंगापूर लीग कप त्यांनी सेंगकांग पुंगोलला 4-0 हरवून जिंकला. 2014 चा हंगाम संपला आणि लीग बारा संघांवरून दहावर आणायचं ठरलं. वुडलँड्स वेलिंग्टन होगांग युनायटेडमध्ये विलीन झाला. नाव होगांगचं राहिलं, मैदानही होगांगचंच.

रॅम्सच्या चाहत्याची कल्पना करा. अठरा-एकोणीस हंगाम त्याने आपल्या बचावफळीला शिव्या घातल्या असतील. आणि क्लब गेला तो कुठल्याही सेंटर-बॅकच्या चुकीने नव्हे, एका बैठकीत.

त्याच सुमारास सिंगापूरच्या फेडरेशनने आणखी एक नियम काढला होता: प्रत्येक क्लबात तिशीपुढच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा. खेळाडू आणि चाहते इतके चिडले की थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. एका हिवाळ्यातल्या या दोन गोष्टी. एक निर्णय फिरला, एक नाही. राग नेमक्या निर्णयावर आणि वेळेत निघाला तर कधीकधी ऐकला जातो. तो नुसता झिंगनवर निघाला, तर ऑफिसातली मंडळी निवांत असतात. शिव्या खायला मैदानावर कुणीतरी आहेच.

झिंगनचं दुसरं पिवळं कार्ड त्याचंच होतं, ते कुणी त्याच्या खिशात घातलं नव्हतं. त्याच्यामुळे मडगावला तो नव्हता, हेही खरं. खेळाडूच्या चुकीला चूक म्हणायलाच हवं. त्यानंतर एक प्रश्न मात्र विचारा: या चौघांनी गेल्या सहा महिन्यांत एकत्र किती सामने खेळले? उत्तर "जवळपास शून्य" असेल, तर पुढचा मेसेज कुणाबद्दल लिहायचा, ते तुम्हाला कळेल.

पुढचा सामना बघाल तेव्हा चेंडूवरून नजर जरा काढा. हाफची शेवटची पाच मिनिटं फक्त मागची फळी पाहा. चौघे एकाच रेषेत सरकतायत का? एक जण पुढे गेला तर त्याची जागा कोण भरतंय? गोल खाल्ल्यावर ते एकमेकांकडे बोट दाखवतात, की एकमेकांशी बोलतात? जर्सी कुठलीही घाला, निळी किंवा लाल. दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की हा संघ एकत्र राहिलाय, की परवाच विमानतळावर भेटलाय.