निधी मार्चमध्ये, गाव उसाच्या फडावर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या साडेसोळा लाख लोकसंख्येत जवळपास ६९ टक्के आदिवासी आहेत : भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के आणि नंदुरबारची ६४ टक्के. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात हा जिल्हा सर्वांत खाली होता. हे आकडे समोर ठेवून एक पक्ष म्हणतो की पैसा कमी पडतो, तर दुसरा म्हणतो की पैसा भरपूर येतो, पण तो वाया जातो. दोन्ही पक्ष पैशाची रक्कम मोजतात. तो कशावर आणि केव्हा खर्च व्हावा हे कोणी ठरवले, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. नंदुरबारचा गेल्या चार दशकांचा अनुभव या प्रश्नाकडेच बोट दाखवतो. प्रचलित गैरसमज तपासताना हा प्रश्न सोडून चालणार नाही.

गैरसमज पहिला : आदिवासींवर सरकार खैरात करते

आदिवासी उपयोजना ही स्वतंत्र देणगी नव्हे. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९७४-७५ पासून देशभर हे सूत्र आले, की विकासाच्या एकूण खर्चातला लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा आदिवासींसाठी राखायचा. महाराष्ट्रात द. म. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर, १९९३-९४ पासून या वाट्याचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडे आले. राज्यात आदिवासींची लोकसंख्या सव्वानऊ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे वाटाही साधारण तेवढाच अपेक्षित आहे. म्हणजे ही रक्कम इतरांच्या ताटातून काढून दिलेली नाही. शिवाय या वाट्यातून काय काय भागवले जाते तेही पाहायला हवे. आश्रमशाळा, वसतिगृहे, रस्ते, आरोग्य केंद्रे ही कामे मैदानी तालुक्यांत सर्वसाधारण अंदाजपत्रकातून होतात आणि तिथे त्यांना कोणी खैरात म्हणत नाही. डोंगराळ अक्राणी तालुक्यातल्या आश्रमशाळेचा खर्च ‘आदिवासींवरचा खर्च’ म्हणून मोजायचा आणि मैदानी शहाद्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा खर्च नुसता ‘शिक्षणावरचा’ म्हणायचा, ही हिशेबाची पद्धतच दिशाभूल करणारी आहे. यावर आक्षेप येतो, की रक्कम हक्काची असली तरी परिणाम का दिसत नाही? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर लाभार्थ्यांच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा निर्णयाच्या साखळीत शोधायला हवे.

गैरसमज दुसरा : स्थानिकांचा विरोध असतो म्हणून विकासाचा पैसा अडतो

या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा याच जिल्ह्याच्या भूमीवर झाली. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. बुडिताखाली येणारी महाराष्ट्रातली ३३ गावे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत होती. मणिबेली त्यांतले पहिले. पैसा मंजूर झाला, पण या गावांशी नीट सल्लामसलत झाली नव्हती. पुनर्वसनासाठीची बाधितांची गणनाही अपुरी होती. नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची होती. सातबारा नाही म्हणून ही माणसे ‘अतिक्रमणदार’ ठरली आणि भरपाईच्या हिशेबात त्यांची नोंद दुय्यम झाली. बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ च्या अहवालात या त्रुटी स्पष्टपणे मांडल्या, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बाधित लोकांना बँकेविरुद्ध थेट दाद मागता येईल अशी ही यंत्रणा होती, आणि तिच्यामागे सातपुड्यातल्या या पाड्यांचा झगडा होता.

धरण शेवटी पूर्ण झालेच, २०१७ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. मग विरोधाने उशिराखेरीज काय साधले, असे यावर म्हटले जाते. मात्र उशीर कशामुळे झाला ते पाहिले पाहिजे. गावांची यादी, जमिनीची मोजणी आणि पर्यायी जमीन ही कामे पैसा मंजूर होण्यापूर्वी झाली असती, तर तो पुढे थांबवण्याची वेळ आली नसती. शिवाय ज्यांना विकासविरोधी म्हटले गेले, त्याच गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा उभ्या केल्या. सरकारी शाळा कागदावर होती तिथे लोकांनी लाकूड, श्रम आणि धान्य देऊन मुले शिकवली. ज्यांना विकास नको, ती माणसे असे करत नाहीत. आपल्याला न विचारता होणाऱ्या विकासाला त्यांचा विरोध होता.

गैरसमज तिसरा : ग्रामसभेच्या हाती पैसा दिला की तो उधळला जातो

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पंचायत उपबंध, म्हणजे पेसा कायदा डिसेंबर १९९६ मध्ये आला. महाराष्ट्राचे नियम निघायला २०१४ उजाडले. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार-शहाद्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचे ठरले. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता आणि जल-वनसंवर्धन या चार बाबींवर तो कसा वापरायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. तेव्हापासून ‘अडाणी लोकांच्या हाती पैसा’ ही कुजबुज सुरू आहे. पण थेट निधी फक्त पाच टक्के आहे. उरलेले पंचाण्णव टक्के खात्यांच्याच हातून जातात, आणि त्यांचा इतिहास काही स्वच्छ नाही. २००४ ते २००९ या काळातल्या आदिवासी विकास विभागाच्या योजनांची चौकशी करण्यासाठी उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली. तिचा २०१७ मधला अहवाल खरेदीतल्या गैरव्यवहारांच्या तपशिलांनी भरलेला आहे. त्या खरेदीच्या फायली कुठल्या पाड्यावर तयार झाल्या नव्हत्या.

तरीही ग्रामसभांचे सगळे आलबेल आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सरपंच आणि ग्रामसेवक मिळून ठराव लिहितात, सह्या नंतर गोळा होतात, अशा तक्रारी पेसा क्षेत्रात सर्रास ऐकू येतात. याचे एक मूळ रचनेत आहे. सातपुड्यात गट ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि दोन पाड्यांच्या मध्ये डोंगर असतो. एका पाड्याच्या चावडीवर झालेली सभा दुसऱ्याला कळतही नाही. यावर २०१४ च्या नियमांतच उपाय आहे. पाड्याला स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेता येते आणि आपला ग्रामसभा कोष ठेवता येतो. जिथे सभा लहान, तिथे हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. गैरप्रकार रोखायचे तर पैसा पुन्हा तालुक्याच्या कचेरीत नेण्यापेक्षा त्याचा निर्णय पाड्याच्या आणखी जवळ आणायला हवा.

गैरसमज चौथा : वनहक्क दिला की जंगल जाते

२००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक कसवणुकीच्या जमिनीला कमाल चार हेक्टरची आणि १३ डिसेंबर २००५ या तारखेची मर्यादा आहे. सामूहिक हक्काचा भाग वेगळा : त्यात ग्रामसभेला आपल्या हद्दीतले जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर हा हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतः बांबू विकू लागले. चंद्रपूरच्या पाचगावने उत्पन्न बुडेल हे माहीत असूनही तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लावले जातात. जंगल आपले आहे ही खात्री असल्याशिवाय कोणी असा तोटा सोसत नाही. नंदुरबारला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर कायद्याआधीपासून जंगल राखले. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे एक खरा आक्षेप उरतो. मेंढा-लेखाजवळ बांबू होता. सातपुड्याच्या अनेक उतारांवर आज झुडुपेच आहेत. तिथे आंबा, महू, चारोळी, सीताफळ आहे, पण कैऱ्या सुकवून केलेला अक्राणी तालुक्यातल्या धडगावचा आमचूर बहुतांश व्यापाऱ्याच्या भावाने जातो. म्हणून हक्कपत्र हाती आले की काम संपले, हाही एक गैरसमजच आहे. अलास्कातल्या मूळनिवाशांशी अमेरिकेने १९७१ मध्ये समझोता केला तेव्हा ४ कोटी ४० लाख एकर जमिनीबरोबर ९६ कोटी २५ लाख डॉलरही दिले. ते कंपन्यांच्या समभागांच्या रूपाने वाटण्यावर पुढे टीका झाली, पण जमीन आणि भांडवल एकत्र जावे लागते हे तत्त्व त्यात मान्य झाले. उलट २०२१ च्या ग्लासगो परिषदेत मूळनिवासी व स्थानिक समुदायांच्या वनहक्कांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर झाले, पण त्यांच्या स्वतःच्या संस्थांपर्यंत थेट पोहोचलेला वाटा पहिल्या दोन वर्षांत दहा टक्क्यांच्याही खाली राहिला. मधली साखळी लांब असली की रक्कम तिथेच जिरते, मग ती ग्लासगोहून निघालेली असो की मुंबईहून.

या चारही गैरसमजांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : पैसा देणाऱ्याने ठरवावे आणि घेणाऱ्याने स्वीकारावे. त्याचा सर्वांत साधा पुरावा कॅलेंडरमध्ये सापडतो. दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. निधीचा मोठा भाग मात्र आर्थिक वर्ष संपता संपता येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो. ज्या ग्रामसभेने निर्णय घ्यायचा तिचे सभासद तेव्हा फडावर असतात. २६ जानेवारीच्या ठरलेल्या ग्रामसभेचीही तीच गत. मग ठराव लिहायला उरतात ग्रामसेवक आणि ठेकेदार. झाडे लावून उत्पन्न यायला सात-आठ वर्षे लागतात आणि निधीची मुदत मात्र वर्षाची, त्यामुळे जंगलावर खर्च करण्याऐवजी सिमेंटचा सभामंडप बांधणे सोपे जाते. यावरच्या उपायांना नवा कायदा लागत नाही. गाव होळीला परतते, काठी या गावच्या होळीला तर पंचक्रोशी लोटते. नियोजनाची सभा त्या आठवड्यात किंवा पावसाळ्यापूर्वी घेता येईल. कोषातला न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी वापरण्याची मुभा देता येईल आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना पाच वर्षांच्या आराखड्यावर एकत्रित मंजुरी देता येईल. नंदुरबारला किती कोटी दिले, हा आकडा दर अंदाजपत्रकात छापला जातो. त्यातले किती पाड्याच्या ठरावाने खर्च झाले, हा दुसरा आकडाही त्याच्याशेजारी छापायला सुरुवात झाली, तर पैसा कमी पडतो की वाया जातो, या जुन्या वादाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरणार नाही.